दोन बोटं

झुल्मीरा म्हणते, दोनच बोटं.
चीजच्या गोदामात म्हणते हे,
बारा किलोचं चाक फळीवर उलटं करता करता,
दोघींच्या डोक्यावर जाळीची पांढरी टोपी,
दोघींच्या हाताला निवळीचा आंबूस वास.
शनिवारी ती आपल्या स्वयंपाकघरात केस कापते,
चार युरो, वर कॉफी.

"टोकं मेलीत गं तुझी, इदालिना."
मी म्हटलं, केस तर अख्खाच मेलेला असतो,
जिवंत काय ते कातडीखाली, खसखशीएवढं.
"उगाच फाटे फोडू नकोस," ती म्हणाली,
आणि मग चाकं तशीच ठेवून आम्ही हसलो,
कारण फाटेच तर फुटलेत एकेकाला,
कुठे दोन, कुठे तीन,
स्वेटरच्या बटणात अडकतात,
विंचरताना रडवतात.

रात्री आरशापुढे सोडले.
दिवसभर टोपीत कोंडलेली लाट
पाठीवरून हळूहळू आपल्या जागी गेली.
खिडकीबाहेर खाडीपल्याड पिकोचा डोंगर,
नुसता काळा, टोकाशी ढग.
कड्याखाली कागारू पक्षी ओरडत होते,
भुकेल्या तान्ह्यांसारखे.

झाडाचं बरं असतं,
शेंडा कोवळा, बुडखा जून.
केसांचं सगळं उलटं.
जे आज उगवलं ते माथ्याशी,
आणि कमरेला जे टेकतंय
ते माझ्यातलं सगळ्यात जुनं.

वर्षाला आठ बोटं, मी मोजलंय.
म्हणजे दोन बोटं म्हणजे तीन महिने.
म्हणजे झुल्मीराला शनिवारी
मी तीन महिने देणार, चार युरो वर देऊन.

कुठले तीन, तेही ठाऊक आहे.
खालची चार बोटं अजून तांबूस आहेत.
पाच वर्षांपूर्वी, फॉल रिव्हरमध्ये,
लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत,
देओलिंदानं सिंकमध्ये माझी मान वाकवून
तो रंग लावला होता.
हातमोजे एकच होते, तिनं डाव्या हातात घातले.
उजवा हात आठवडाभर गंजल्यासारखा.
"आता तू ओळखू येशील," म्हणाली,
गर्दीत, की कुठे, ते बोलली नाही.
मीही विचारलं नाही.
मग माझं विमान होतं.
मग दोन नाताळांना कार्डं.
मग काही नाही.

रंग खाली खाली सरकत गेला,
खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून कमरेवर.
मी काही केलं नाही, फक्त वाढत राहिले.

झुल्मीरा केस ओले करून कापते,
ते मला पटत नाही.
ओला केस शहाण्यासारखा सरळ लोंबतो,
खरं सांगतोय असं वाटतं.
वाळला, वजन गेलं, की लाट वर उसळते
आणि दोनाची चार गेल्यासारखी दिसतात.
नागमोडी केसाला कोरडाच विचारावा.

म्हणून कोरडीच एक बट घेतली,
डाव्या कानामागची, जिथे कुणी बघत नाही.
टोमॅटोचे देठ कापायची कात्री.
आवाज अगदी थोडा झाला,
वाळूवर पाऊल ठेवल्यासारखा.

पांढऱ्या बेसिनमध्ये ती बट बघितली
आणि तांबूस काही दिसेना.
दिव्याखाली धरली, फिरवली.
वाळल्या गवताचा रंग होता.
उन्हानं, मिठानं कुणाचेही होतात तसे,
धक्क्यावर जाळी विणणाऱ्या फिदेल्फाचेही आहेत,
तिला तर कुणीच काही लावलं नव्हतं.

मग इतकी वर्षं मी काय सांभाळत होते?
शेंडा ना बुडखा असल्या गोष्टीचा
शेंडा तेवढा?

पाणी सोडलं नाही.
बट तिथेच ठेवली, दिवा मालवला,
बाकीच्यांची सैल वेणी घातली.
झोपेत हात त्या कानामागे गेला असणार,
सकाळी बोटं तिथेच होती.

टोपी घालताना झुल्मीरा म्हणाली, मग शनिवारी?
येते, म्हटलं.
पण पाणी लावायचं नाही.
"आणि किती?"
मी चाक उलटं केलं.
खालची बाजू अजून ओलसर होती.